ओ-टू लिथियम कोबाल्ट ऑक्साइड: बनवायचं कसं, ओळखायचं कसं, जपायचं कसं

लिथियम कोबाल्ट ऑक्साइड म्हटलं की बॅटरीवाल्यांच्या डोळ्यांसमोर एकच पदार्थ येतो. १९८० मध्ये ऑक्सफर्डमध्ये मिझुशिमा, जोन्स, वाइझमन आणि गुडइनफ यांनी कॅथोड (बॅटरीचा धन इलेक्ट्रोड) म्हणून दाखवलेला आणि १९९१ मध्ये सोनीने बाजारात आणलेल्या लिथियम-आयन सेलमध्ये बसलेला. लिथियम कार्बोनेट आणि कोबाल्ट ऑक्साइड एकत्र घोटून आठशे-नऊशे अंशांना भाजलं की तो मिळतो. पण नेमक्या त्याच अणूंचा, त्याच प्रमाणाचा आणखी एक पदार्थ आहे, जो भट्टीत थेट कधीच मिळत नाही. फ्रान्समधल्या बोर्दो इथे देलमास, ब्राकोनिए आणि हागेनमुलर यांनी तो १९८२ मध्ये मांडला. ओ-टू हे त्याचं नाव. तो मेटास्टेबल आहे, म्हणजे उष्णतेने जरा मोकळीक मिळाली की नेहमीच्या ओ-थ्री रूपात जातो आणि परत येत नाही.

हा लेख एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी किंवा पीएच.डी.च्या पहिल्या वर्षात हा पदार्थ करून बघणाऱ्यांसाठी आहे. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो: ओ-टूचं यशापयश लिथियम घालताना ठरत नाही, त्याच्या आधी सोडियमचं संयुग भाजताना ठरतं. बहुतेक जण नेमकं तिथेच घाईत असतात.

आधी रचना समजून घ्या

देलमास, फुआसिए आणि हागेनमुलर यांनी १९८० मध्ये सुचवलेली नावं आजही चालतात. अक्षर सांगतं अल्कली आयन कुठे बसलाय: ‘ओ’ म्हणजे ऑक्टाहेड्रल जागा (सहा ऑक्सिजनांनी केलेल्या अष्टफलकाच्या मध्यभागी), ‘पी’ म्हणजे प्रिझमॅटिक (सहा ऑक्सिजनांच्या त्रिकोणी प्रिझमच्या मध्यभागी). आकडा सांगतो किती थरांनंतर रचना पुन्हा तीच येते. ओ-थ्रीमध्ये तीन, ओ-टू आणि पी-टूमध्ये दोन.

ओ-थ्रीमध्ये लिथियमचा ऑक्टाहेड्रन शेजारच्या कोबाल्ट ऑक्टाहेड्रनांशी फक्त कडांनी जोडलेला असतो. ओ-टूमध्ये एका बाजूला कडा, पण दुसऱ्या बाजूला एक अख्खा पृष्ठभाग सामायिक असतो. त्यामुळे लिथियम आणि कोबाल्ट हे दोन धन आयन एकमेकांच्या फार जवळ येतात आणि त्यांच्यातलं प्रतिकर्षण वाढतं. ओ-टूची ऊर्जा ओ-थ्रीपेक्षा जास्त असते, त्याचं मूळ इथे आहे.

मग तो लगेच ओ-थ्री का होत नाही? पत्त्यांचा कट डोळ्यांसमोर आणा. कोबाल्ट-ऑक्सिजनचा प्रत्येक थर एकेक पत्ता आहे. पत्ते एकमेकांवर सरकवता येतात, त्याला फार जोर लागत नाही. पण ओ-टूपासून ओ-थ्रीकडे जायला एकाआड एक पत्ता जागच्या जागी साठ अंशांनी फिरवावा लागतो. स्फटिकात असं फिरवणं म्हणजे कोबाल्ट-ऑक्सिजन बंध तोडणं, आणि सौम्य तापमानाला ते जमत नाही. पी-टूपासून ओ-टूकडे मात्र नुसतं सरकून जाता येतं. म्हणून सगळी कृती दोन टप्प्यांची आहे: आधी जास्त तापमानाला पी-टू सोडियम कोबाल्ट ऑक्साइड, मग कमी तापमानाला सोडियम बाहेर, लिथियम आत. थरांची ठेवण सोडियमच्या संयुगातून वारशाने येते.

पहिली पायरी: पी-टू सोडियम कोबाल्ट ऑक्साइड

सोडियम कोबाल्ट ऑक्साइडची अनेक रूपं आहेत. एका कोबाल्टमागे पूर्ण एक सोडियम असेल तर ओ-थ्री, ०.६ च्या आसपास आणि कमी तापमानाला पी-थ्री, आणि ०.७ च्या आसपास पी-टू. आपल्याला तिसरं हवंय. सोडियमचं प्रमाण चुकलं की रूपच बदलतं, आणि मग पुढे लिथियम घातल्यावर ओ-थ्री निघतो. निकाल छान दिसतो, फक्त पदार्थ दुसराच असतो.

१० ग्रॅमचा हिशोब असा. सोडियम ०.७ धरला तर मोलर वस्तुमान १०७.०२, म्हणजे ०.०९३४ मोल. त्यासाठी कोबाल्ट टेट्राऑक्साइड (तीन कोबाल्ट, चार ऑक्सिजन) ७.५० ग्रॅम आणि सोडियम कार्बोनेट ३.४७ ग्रॅम. सोडियम भट्टीत थोडा उडून जातो, म्हणून कार्बोनेट पाच टक्के जास्त, म्हणजे ३.६४ ग्रॅम घ्या. कार्बोनेट आधी रात्रभर ओव्हनमध्ये वाळवलेलं हवं. ओलसर कार्बोनेट तोललं तर वरचा सगळा हिशोब व्यर्थ.

अगेटच्या खलात अर्धा-पाऊण तास तरी घोटा, वाटल्यास थोडं ॲसिटोन घालून. कोबाल्ट ऑक्साइडची धूळ नाकात जाता कामा नये. मास्क आणि हातमोजे घाला, काम फ्यूम हूडमध्ये करा. कोबाल्टच्या बाबतीत ही सूचना शोभेची नाही.

भाजताना सवयीप्रमाणे भट्टी खोलीच्या तापमानापासून मिनिटाला पाच अंशांनी चढवू नका. तसं केलं तर वाटेत बराच वेळ जातो आणि सोडियम उडत राहतो. भट्टी आधीच ७५० अंशांना आणून ठेवा, मिश्रण अल्युमिनाच्या बोटीत भरून थेट आत सरकवा आणि बारा तास ठेवा. हवा चालेल, ऑक्सिजनचा हलका प्रवाह मिळाला तर उत्तम. या जलद तापवण्याची पद्धत जपानमध्ये मोतोहाशी आणि सहकाऱ्यांनी २००१ च्या सुमारास वापरात आणली, ती थर्मोइलेक्ट्रिक गुणधर्मांसाठी. बॅटरीवाल्यांनाही तितकीच कामाची आहे. तापमान ९०० च्या जवळ नेऊ नका. तिथे हवेत कोबाल्ट टेट्राऑक्साइड स्वतःच ऑक्सिजन सोडून मोनॉक्साइड होऊ लागतं.

बोट दोनशे अंशांच्या आसपास असतानाच बाहेर काढून थेट डेसिकेटरमध्ये किंवा ग्लोव्ह बॉक्सच्या अँटीचेंबरमध्ये ठेवा. पी-टू रूप हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही ओढतं. मुंबईत, कोकणात किंवा गोव्यात जुलै-ऑगस्टमध्ये काम करत असाल तर ही पावडर टेबलावर उघडी ठेवून चहाला जाण्याची सोय नाही. थरांमध्ये पाणी शिरू शकतं हे खरं तर या कुळाचं एक नवलच आहे: सोडियम कमी करून पाणी भरलेलं असंच एक संयुग सुमारे ५ केल्विनला अतिवाहक होतं, हे त्सुकुबा इथे ताकादा आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवलं. आपल्या कामात मात्र ते पाणी उपद्रवच.

आता एक्सआरडी, म्हणजे क्ष-किरण विवर्तन. इथले अंश तापमानाचे नव्हेत, विवर्तनाच्या कोनाचे (टू-थीटा). तांब्याच्या के-अल्फा किरणांनी बघताना पी-टूचं पहिलं मोठं पीक १६.२ अंशांच्या आसपास दिसलं पाहिजे (स्फटिकाच्या एककाची थरांना लंब लांबी म्हणजे सी अक्ष सुमारे १०.९ अँगस्ट्रॉम, थरातली लांबी ए सुमारे २.८३). ३१.३ अंशांना पीक असेल तर न जुळलेलं कोबाल्ट टेट्राऑक्साइड शिल्लक आहे. पुन्हा घोटून, थोडं कार्बोनेट घालून आणखी एकदा भाजा. ते पीक घालवल्याशिवाय पुढे जाऊ नका. पुढच्या पायरीत तापमान इतकं कमी आहे की ही अशुद्धी जशीच्या तशी कॅथोडपर्यंत येते.

दुसरी पायरी: आयनांची अदलाबदल

दोन रस्ते आहेत. एक, अल्कोहोलमध्ये लिथियमच्या क्षाराबरोबर उकळणं. दुसरा, लिथियम नायट्रेट आणि लिथियम क्लोराइडच्या वितळलेल्या मिश्रणात सुमारे २८० अंशांना ठेवणं. मँगनीज असलेल्या ओ-टू पदार्थांसाठी दुसरा रस्ता सर्रास वापरतात आणि तो झटपट होतो. निव्वळ कोबाल्टच्या बाबतीत माझा कल पहिल्याकडे आहे. हे मिश्रण वितळायलाच अडीचशेच्या आसपास तापमान लागतं, म्हणजे खाली उतरायला जागा उरत नाही, आणि मेटास्टेबल पदार्थाला गरजेपेक्षा जास्त उष्णता दाखवण्यात शहाणपण नाही.

२ ग्रॅम पी-टूमध्ये सोडियम ०.०१३१ मोल असतो. त्याच्या दहापट लिथियम घ्यायचं तर लिथियम ब्रोमाइड ११.४ ग्रॅम लागतं. ते १५०-२०० मिलिलिटर एन-हेक्झेनॉलमध्ये विरघळवा, पावडर घाला, रिफ्लक्स कंडेन्सर लावा आणि नायट्रोजन किंवा आरगॉनखाली १५० अंशांच्या आसपास ढवळत ठेवा. हेक्झेनॉल १५७ अंशांना उकळतं आणि पेट घेतं. हीटिंग मँटल वापरा, उघडी ज्योत जवळपासही नको. रात्रभर चालू द्या. मग गाळून, ताज्या लिथियम ब्रोमाइडबरोबर तीच क्रिया पुन्हा एकदा करा. पहिल्या फेरीत बाहेर आलेला सोडियम द्रावणातच असतो आणि समतोल त्याला थोडा मागे ढकलत असतो. दुसऱ्या फेरीला तो अडथळा नसतो.

एक धोका इथेच सांगतो. हेक्झेनॉलमधून काढलेली, नीट न धुतलेली पावडर “उरलेला सोडियम काढू” म्हणून कधीही नायट्रेटच्या वितळलेल्या क्षारात टाकू नका. नायट्रेट ऑक्सिडायझर आहे, हेक्झेनॉल इंधन आहे.

धुण्यासाठी मिथेनॉल वापरा, दोन्ही ब्रोमाइड त्यात विरघळतात. किती वेळा धुवायचं हे ठरावीक आकड्याने ठरवू नका. धुवून आलेल्या द्रवाचे काही थेंब टेस्ट ट्यूबमध्ये घ्या, पाणी आणि थोडं नायट्रिक आम्ल घाला, वरून सिल्व्हर नायट्रेटचा थेंब सोडा. फिकट पिवळसर गढूळपणा आला तर ब्रोमाइड अजून आहे. थेंब पडून द्रव नितळ राहिला की थांबा. मग व्हॅक्यूम ओव्हनमध्ये ८०-१०० अंशांना रात्रभर वाळवा. इथे कोणी “जरा चांगलं वाळू दे” म्हणून ओव्हन २५० वर ठेवला तर सगळ्या मेहनतीवर पाणी पडू शकतं.

तिसरी पायरी: मिळालं ते खरंच ओ-टू आहे का

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण लिथियम कोबाल्ट ऑक्साइडच्या नावाखाली तीन वेगळे पदार्थ एकमेकांच्या वेषात फिरतात.

ओ-टूचा सी अक्ष सुमारे ९.५४ अँगस्ट्रॉम आणि ए सुमारे २.८०. दोन थरांमधलं अंतर पी-टूमध्ये ५.४५ होतं, ते इथे ४.७७ वर येतं, कारण लिथियम लहान आहे आणि त्याला ऑक्टाहेड्रल जागा आवडते. एक्सआरडीत १६.२ चं पीक नाहीसं होऊन १८.६ ला नवं पीक उगवतं. १६.२ ला बारीकसा उंचवटा उरला असेल तर अदलाबदल अपुरी आहे.

पण ओ-थ्रीचं पहिलं पीक १८.९ अंशांना असतं. फरक फक्त ०.३ अंशांचा, आणि नमुना होल्डरमध्ये जरा वर-खाली बसला तरी पिकं तेवढी सरकू शकतात. म्हणून पहिल्या पिकावर विसंबू नका. ४५.२ अंशांकडे बघा. ओ-थ्रीमध्ये तिथे एक-शून्य-चार (हे आकडे पीक स्फटिकातल्या कोणत्या प्रतलांचं ते सांगतात) हे जोरदार पीक असतं, ओ-टूमध्ये ती जागा रिकामी असते. त्याऐवजी ओ-टूची पिकं ४१.८ आणि ४७.१ च्या आसपास येतात. ४५.२ ला काही दिसलं तर पदार्थात ओ-थ्री मिसळलेला आहे, भले पहिलं पीक कितीही सुबक असो.

तिसरा वेषधारी म्हणजे ४०० अंशांना भाजून मिळणारं तथाकथित कमी तापमानाचं रूप. दक्षिण आफ्रिकेत गमो, थॅकरे आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये त्याचा अभ्यास केला. त्यात कोबाल्ट आणि लिथियम थरांमध्ये काहीसे मिसळलेले असतात, आणि रचना स्पिनेल नावाच्या घनाकृती रचनेच्या जवळ जाते. त्याची पिकं ओ-थ्रीशी जवळजवळ जुळतात. ओळखायचं ६५ ते ६७ अंशांमध्ये: ओ-थ्रीमध्ये ६५.४ आणि ६६.३ अशी दोन वेगळी पिकं दिसतात, या रूपात ती मिळून ६६.१ च्या आसपास एकच होतं. सी भागिले ए हे गुणोत्तर ओ-थ्रीसाठी ४.९९, याच्यासाठी ४.९०. हेही मेटास्टेबलच आहे, पण ओ-टूशी त्याचं नातं नाही. शोधनिबंधांत “मेटास्टेबल लिथियम कोबाल्ट ऑक्साइड” वाचलं की कोणतं ते आधी तपासा.

आता पिकांची रुंदी. ओ-टूच्या पॅटर्नमध्ये काही पिकं सुईसारखी आणि काही पसरट दिसतात, आणि विद्यार्थी घाबरतात. घाबरायचं कारण नाही. पी-टूमधून ओ-टू होताना एकाआड एक थर सरकतो, आणि सरकायला दोन समतुल्य दिशा असतात. काही थर इकडे जातात, काही तिकडे. यालाच स्टॅकिंग फॉल्ट म्हणतात. थरांना समांतर आणि लंब अशी शून्य-शून्य-एल आणि एक-एक-शून्य ही पिकं यामुळे बिघडत नाहीत, एक-शून्य-एल कुळातली पिकं मात्र रुंद होतात. म्हणजे ४१.८ आणि ४७.१ ची पिकं पसरट आणि १८.६ चं टोकदार असेल तर ते नेमकं अपेक्षित चित्र आहे. अशा डेटावर साधं रीटव्हेल्ड रिफाइनमेंट (रचनेच्या प्रतिमानावरून सगळा पॅटर्न जुळवणं) लादून “क्रिस्टलाइट आकार” काढू नका, तो आकडा अर्थहीन असतो. त्यासाठी डिफॅक्स किंवा फॉल्ट्स हे प्रोग्राम आहेत.

लिथियम मोजायचं काम एक्सआरडीचं नाही. आयसीपीने (नमुना प्लाझ्मात नेऊन मूलद्रव्यं मोजणारं तंत्र) लिथियम, सोडियम आणि कोबाल्ट तिन्ही मोजा. अदलाबदल एकास एक झाली असती तर लिथियमही ०.७ च राहिला असता आणि कोबाल्टची सरासरी संयुजा ३.३. प्रत्यक्षात ब्रोमाइड आणि अल्कोहोल दोन्ही सौम्य रिड्यूसिंग असल्यामुळे कोबाल्ट तीनकडे उतरतो आणि लिथियम एकाकडे चढतो. किती, हे तुमच्या बॅचवर अवलंबून. आयडोमेट्रीने (आयोडीनच्या अनुमापनाने) संयुजा काढा आणि आयसीपीशी ताळा करा. दोन्ही जुळले नाहीत तर धुणं किंवा वाळवणं अपुरं आहे असं समजा.

चौथी पायरी: मेटास्टेबलपणा मोजा, गृहीत धरू नका

ही पायरी बरेच जण सोडून देतात, आणि मला ती सगळ्यात शिकवणारी वाटते.

पावडरचे छोटे भाग करून १५०, २००, २५०, ३००, ३५० आणि ४०० अंशांना प्रत्येकी काही तास ठेवा आणि प्रत्येकाचा एक्सआरडी काढा. ४५.२ चं पीक कोणत्या तापमानाला डोकं वर काढतं ते तुमच्या नमुन्यासाठी तुम्हालाच कळेल. कणांचा आकार आणि लिथियमचं प्रमाण यांवर ते बदलतं, म्हणून दुसऱ्याचा आकडा उसना घेण्यात अर्थ नाही. इलेक्ट्रोड वाळवण्याचं तापमान या आकड्याच्या बरंच खाली ठेवायचं.

डीएससीत (तापवताना उष्णतेची देवाणघेवाण मोजणारं तंत्र) हा बदल उष्णता बाहेर टाकणारा दिसला पाहिजे, कारण पदार्थ वरच्या ऊर्जेवरून खाली उतरतोय. तोच नमुना थंड करून पुन्हा तापवा. दुसऱ्या वेळी तिथे काहीही दिसता कामा नये. दिसलं तर तो बदल परतणारा आहे, म्हणजे तुम्ही बघताय ते ओ-टूचं ओ-थ्री होणं नव्हे.

टीजीए (तापवताना वस्तुमानातला बदल मोजणं) सोबत करा, कारण त्यातून लिथियमचं प्रमाण स्वतंत्रपणे काढता येतं. लिथियम एकापेक्षा कमी असेल तर तापवल्यावर पदार्थ ओ-थ्री, कोबाल्ट टेट्राऑक्साइड आणि ऑक्सिजन यांत मोडतो. दर मोलमागे सुटणारा ऑक्सिजन वायू हा कमतरतेच्या एक तृतीयांश मोल असतो. लिथियम ०.९ असेल तर वस्तुमानातली घट सुमारे १.१ टक्का येते. घट आली, तापवलेल्या नमुन्यात ३१.३ चं पीकही आलं, तर लिथियम कमी आहे हे पक्कं. दोनशे अंशांच्या खालची घट मात्र हिशोबात धरू नका, ती ओलाव्याची आणि उरलेल्या अल्कोहोलची.

पाचवी पायरी: सेल

इलेक्ट्रोडची कृती नेहमीचीच: ८० भाग पदार्थ, १० कार्बन ब्लॅक, १० पीव्हीडीएफ (कण बांधून ठेवणारा बाइंडर), एनएमपी या द्रावकामध्ये स्लरी, अल्युमिनियम फॉइलवर कोटिंग, १०० ते १२० अंशांना व्हॅक्यूममध्ये वाळवणं. आरगॉन ग्लोव्ह बॉक्समध्ये लिथियम धातूसमोर सीआर-२०३२ (नाण्याच्या आकाराचे) सेल बांधा. इलेक्ट्रोलाइट म्हणून एथिलीन कार्बोनेट आणि डायमिथाइल कार्बोनेटमध्ये एक मोलर लिथियम हेक्झाफ्लोरोफॉस्फेट पुरतं.

सैद्धांतिक क्षमता २७४ मिलिअँपिअर-अवर प्रति ग्रॅम. लिथियम अर्धा काढला की १३७. सी-रेट (चार्जचा वेग; सी/२० म्हणजे पूर्ण क्षमता वीस तासांत) कशावर काढलाय ते वहीत लिहाच, काही जण २७४ धरतात, काही १४०, आणि मग दोन निबंधांची तुलना फसते. २७४ धरून सी/२० म्हणजे १३.७ मिलिअँपिअर प्रति ग्रॅम. फॉइल वगळून इलेक्ट्रोड ८ मिलिग्रॅम असेल तर सक्रिय पदार्थ ६.४ मिलिग्रॅम आणि प्रवाह ८८ मायक्रोअँपिअर. पहिली सायकल याहूनही सावकाश करा, कारण आपल्याला क्षमतेच्या आधी वक्राचा आकार हवाय.

ओ-थ्रीचा वक्र ३.९ व्होल्टच्या आसपास लांब सपाट भाग दाखवतो आणि लिथियम अर्धा उरल्यावर ४.१५ च्या सुमारास छोटी खोच दाखवतो. ओ-टूमध्ये तसं होत नाही, तिथे पायऱ्या दिसतात. बोर्दोच्या कार्लिए, मेनेत्रिए, देलमास आणि सहकाऱ्यांनी या पायऱ्यांचा उलगडा केला: लिथियम साधारण ०.७ ते ०.५ असताना टी-हॅश-टू नावाचं रूप, ज्यात थर सरकून लिथियम टेट्राहेड्रल (चार ऑक्सिजनांनी वेढलेल्या) जागांमध्ये बसतो, आणि ०.४ च्या आसपास ओ-सिक्स. दोन्ही नुसत्या सरकण्याने होतात, म्हणून डिस्चार्ज करताना उलटतात. तुमच्या वक्रात पायऱ्यांऐवजी ३.९ चा सपाट भाग ठळक असेल तर एक्सआरडी पुन्हा काढा. ४५.२ चं पीक तुमच्या नजरेतून निसटलेलं असण्याची शक्यता दाट आहे.

पहिल्या चार्जपेक्षा पहिला डिस्चार्ज जास्त आला तरी चक्रावू नका. सुरुवातीला लिथियम कमी होता आणि समोरच्या धातूने ती जागा भरली, इतकंच. टीजीएतला आकडा आणि हा फरक जुळतो का बघा. ०.१ लिथियम म्हणजे सुमारे २७ मिलिअँपिअर-अवर प्रति ग्रॅम.

क्षमतेत ओ-टू काही ओ-थ्रीला मागे टाकत नाही, आणि दोन टप्प्यांची कृती कारखान्याला परवडण्यासारखी नाही. मग एवढा खटाटोप कशाला? मँगनीज असलेली नेहमीची थरांची ऑक्साइड सायकलिंगमध्ये हळूहळू स्पिनेलकडे झुकतात आणि व्होल्टेज घसरत जातं. स्पिनेलला ऑक्सिजनची जी रचना लागते ती ओ-टूमध्ये नसते, आणि बंध तोडल्याशिवाय होतही नाही. लिथियम-समृद्ध ओ-टू पदार्थांत जागा सोडलेले धातू आयन परत मूळ जागी येतात आणि व्होल्टेजची घसरण आटोक्यात राहते, असं सोल राष्ट्रीय विद्यापीठातल्या कांग यांच्या गटाने २०२० मध्ये दाखवलं. त्या पदार्थांकडे वळायचं असेल तर कोबाल्टवर हात बसवणं सोपं जातं, कारण इथे एकच संक्रमण धातू आहे आणि चूक कुठे झाली ते एक्सआरडीत स्पष्ट दिसतं.

उरलेली पावडर आरगॉनमध्ये, घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा आणि बाटलीवर ती आजवर किती अंशांपर्यंत तापवली गेली ते लिहा. पी-टूची बाटली वेगळ्या डब्यात ठेवा. दोन्ही पावडरी काळ्याच दिसतात.